जावयाचे बूट

नांबोझेबाईंनी जावयाचा चेहरा फक्त लग्नाच्या फोटोत पाहिला होता. प्रत्यक्षात पाहायची वेळ कधी आली नव्हती, आणि ती येऊ नये याची दोन्ही घरं पहिल्यापासून काळजी घेत होती. सासूने जावयासमोर यायचं नाही, त्याच्या हाताला हात लावायचा नाही, तो उठला त्या खुर्चीवर बसायचं नाही. हे मोडलं तर जावयाचे हात थरथरायला लागतात. त्या आजाराला ओबुको म्हणतात, आणि मसाका गावाच्या आसपास तो शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो.

म्हणून लुबोवा सासुरवाडीला आला की बाहेरच्या खोलीत बसे आणि नांबोझेबाई आतल्या खोलीत. मधल्या दारात पडदा होता. विकत आणला तेव्हा तो जमिनीपर्यंत पोहोचत होता. पहिल्याच धुण्यात वीतभर आटला. त्या वीतभर जागेतून जावयाचे बूट दिसत. बाईंनी जन्मभर मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं होतं. जेवढं दिसतं तेवढ्यावरून निष्कर्ष काढायचा, न दिसणाऱ्याबद्दल बोलायचं नाही, ही त्यांची सवय होती. बुटांवरून जावई त्यांना बऱ्यापैकी कळला होता. लुबोवा मटोक्याचा व्यापारी. बागाबागांतून हिरव्या केळ्यांचे घड उचलून ट्रकने कंपालाला पाठवायचा. बुटांना लाल माती असली की धंदा बरा चालला आहे. बूट पुसलेले असले की काहीतरी मागायला आला आहे. टाच हलत असली की प्रॉसीशी भांडण झालं आहे. प्रॉसी ही त्याची बायको, बाईंची एकुलती एक मुलगी.

त्या वर्षी ईस्टरला आला तेव्हा त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या. पुढच्या वेळी टाचा दाबून बूट सपातांसारखे घातले होते. त्याच्या पुढच्या वेळी बूटच नव्हते. रबरी चपला होत्या, आणि पट्ट्याने पावलात खोल चर पाडला होता. त्याच वेळी बाहेरून कपबशीचा आवाज येऊ लागला. कप बशीवर वाजायचा, थांबायचा, पुन्हा वाजायचा.

"प्रॉसी," बाई आतून म्हणाल्या, "त्यांना विचार, चहात साखर पुरे आहे का."

दोघांना एकमेकांचं बोलणं स्वच्छ ऐकू येत असे, पण ते प्रॉसीमार्फतच जायचं.

"आई विचारतेय, साखर पुरे आहे का."

"साखर ठीक आहे म्हणावं. चहालाच नाणं चोखल्यासारखी चव लागते."

"ते म्हणतात, ठीक आहे."

"ऐकलं मी," बाई म्हणाल्या.

लुबोवा ट्रककडे गेल्यावर बाईंनी मुलीला स्वयंपाकघरात बसवलं.

"रात्री खाजवतो का?"

"पाठ सोलून निघालीय."

"लघवीला उठतो?"

"सारखा."

"लघवीला फेस येतो?"

"आई! मी काय वाकून बघते का?"

"रात्रीचं भांडं सकाळी कोण रिकामं करतं?"

प्रॉसी म्हणाली, "साबण कालवल्यासारखा. बसतच नाही तो फेस."

"आणि पाठीसाठी अजून सुई घेतो?"

"रोज. नाक्यावरच्या औषधवाल्याकडे. घड उचलून कंबर धरते ना त्यांची. सुईशिवाय उभंच राहता येत नाही म्हणतात."

"रक्तदाबाच्या गोळ्या?"

"बरं वाटलं म्हणून सोडल्या. मागेच."

बाईंनी फळ्यावर मूत्रपिंडाची आकृती इतक्यांदा काढली होती की ती त्यांना डोळे मिटून काढता आली असती. पण आत्ता त्यांना आकृती आठवली नाही, मोठी बहीण आठवली. गौडेन्सिया. आधी पाय, मग खाज, मग हात, मग झोप. त्या झोपेनंतर काही नव्हतं.

"उद्याच्या उद्या दवाखान्यात ने त्याला. रक्त आणि लघवी तपासायची."

प्रॉसीने खाली बघत केळं सोलायला घेतलं. "ते नाही येणार. ते केविनाआत्याकडे गेले होते."

"मग?"

"आत्या म्हणाली, हे ओबुको आहे."

ओबुको एकट्याने होत नाही. त्याला सासू लागते, आणि लुबोवाला सासू एकच होती.

केविना दुसऱ्याच दिवशी आली. ती नांबोझेबाईंच्या दिवंगत नवऱ्याची बहीण, प्रॉसीची आत्या. आणि भाच्यांच्या संसाराचं बरंवाईट बघणं हे आत्याचंच काम असल्यामुळे ती ते पुरेपूर करी. चटईवर ऐसपैस बसून तिने आधी सगळ्यांची खुशाली विचारली, मग शेळ्यांची, मग छपराची.

"वहिनी, मी काही विचारायला आलेली नाही हं," ती म्हणाली.

"बरं, वन्सं."

"माणूस आहे. होते चूक. एकटी बाई, एकटं घर. माझा भाऊ जाऊनही आता काळ लोटला. मी कुणाला नावं ठेवणारी नाही."

"मी लुबोवाला हात लावलेला नाही."

"मग हात कशाने थरथरतात त्याचे?"

"मूत्रपिंडांनी."

"मूत्रपिंडं काय हाताला असतात?"

"पाठीत असतात. ती रक्त धुतात. ती थकली की घाण रक्तातच राहते. तीच डोक्यात जाते, म्हणून हात झटकल्यासारखे हलतात, तोंड कडवट होतं, अंग खाजतं."

केविनाने हे लक्ष देऊन ऐकलं. "म्हणजे रक्त खराब झालंय."

"हो."

"आम्हीही तेच म्हणतोय. खराब कशाने झालं, एवढंच विचारतोय."

नांबोझेबाईंना वर्गात अशा मुली कधी कधी भेटत. त्या हुशार निघत.

"वन्सं, त्याला आधी दवाखान्यात जाऊ द्या. मग मला काय विचारायचं ते विचारा."

"तसं कसं होईल? ओबुकोवर दवाखान्याचं औषध टोचलं की माणूस जागच्या जागी आडवा होतो. तो घाबरलाय. दोष निघाल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढणार नाही म्हणतो. आणि तू तर म्हणतेस दोषच नाही. मग शोधायला लागणार. थोरल्यांना बोलवायचं, तुझ्याकडच्यांना बोलवायचं. पेरण्या झाल्याशिवाय कोण येतंय?"

बाईंनी पेरण्यांचा हिशेब केला आणि चपलेच्या पट्ट्याखालचा चर त्यांच्या डोळ्यांपुढे आला. एवढी सवड नव्हती.

"दोष काढतात कसा?" त्यांनी विचारलं.

"दोघांनी थोरल्यांपुढे कबूल करायचं. आपापल्या तोंडाने, आपापल्या जागी बसून. झाडाच्या सालीचं कापड दोघांच्या मध्ये फाडायचं, कोंबडी कापायची. मग सासूचा राग उतरायला हवा. ती सांगेल तो दंड जावयाने पाळायचा."

"कसला दंड?"

"काहीही. वरच्या आळीतल्या सासूने सांगितलं, जन्मभर टोपी घालायची नाही. टक्कल पडलं बिचाऱ्याला, तरी उन्हात बोडकाच फिरतो."

"आणि दंड मोडला तर?"

"तर आजार परत येतो. पहिल्यापेक्षा जोरात."

हे इतकं नेमकं पाठ्यपुस्तकातही नव्हतं. गावात त्यांना सगळे अजून 'बाई'च म्हणत. रविवारी चर्चमध्ये पहिलं वाचन त्यांचं असे. लग्न ठरलेल्या मुलींना आया त्यांच्याकडे चार गोष्टी ऐकायला पाठवत. हे सगळं त्यांनी एकदा मनात मोजलं. दुसऱ्या पारड्यात सुजलेली दोन पावलं होती.

"मी हात लावला," त्या म्हणाल्या.

केविनाचं तोंड उघडं राहिलं. ती संध्याकाळपर्यंत बसायच्या तयारीने आली होती. येताना तिने डब्यात भुईमूगही आणला होता.

"कधी?"

"शेजारच्या किझ्झाच्या लग्नात. नवरा-नवरीला भेटायच्या रांगेत गर्दी होती. त्याने हात पुढे केला, मी दिला."

"आणि धरून ठेवलास?"

"वन्सं, रांग पुढे सरकत होती."

"देवा माझ्या," केविना म्हणाली. तिने भुईमुगाचा डबा उघडला आणि पुन्हा बंद केला. "आत्तापर्यंत नाही नाही म्हणत होतीस."

"लाज वाटली."

हे मात्र केविनाला पटलं.

बैठक शनिवारी ठरली. शुक्रवारी बाई दवाखान्यात गेल्या. तिथली डॉक्टर नाब्बोसा त्यांची जुनी विद्यार्थिनी. बेडूक कापताना रडणारी एकुलती एक, आणि पुढे डॉक्टर झालेलीही तीच.

"बाई, पेशंट कुठाय?" नाब्बोसाने विचारलं.

"उद्या त्याला दोषी ठरवणार आहेत. मग येईल. मला फक्त सांग, दंडात काय काय घालू?"

नाब्बोसाने पेन खाली ठेवलं. बाईंनी सगळं सांगितलं. ती इथलीच असल्यामुळे तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"सुई आधी बंद," ती म्हणाली. "ती दुखणं थांबवते आणि किडनी मारते. झाडपाल्याचे काढे बंद. मीठ कमी. रक्तदाबाची गोळी रोज, बरं वाटलं तरी. मटोक्याचं आत्ताच काही बोलू नका. रक्तातलं पोटॅशियम किती ते बघून ठरवू. उगाच सगळंच तोडलं तर काहीच पाळणार नाही तो."

"म्हणजे दंड पुढे वाढवता यायला हवा."

"तसं बसवता येईल?"

"बसवते," बाई म्हणाल्या.

शनिवारी कुळातल्या थोरल्या क्यांजोआजोबांच्या अंगणात, फणसाखाली सगळे जमले. लुबोवा एका बाजूला बाकावर. दुसऱ्या बाजूला दोन काठ्यांना उभी चटई बांधली होती, तिच्यामागे नांबोझेबाई. मध्ये प्रॉसी गुडघ्यांवर बसली होती आणि आधीपासूनच रडत होती.

आजोबांनी आधी लुबोवाला विचारलं. कबुली ज्याची त्याने द्यायची असते, म्हणून बाईंनी काय सांगितलं हे त्याला कुणी कळू दिलं नव्हतं.

"आजोबा, मी हात नाही लावला," लुबोवा म्हणाला. त्याचा आवाज बसका येत होता. "पण झालंय काहीतरी माझ्याकडून. काकांच्या मातीला निघालो होतो. टॅक्सी खच्चून भरलेली. नाक्यावर एक बाई उतरली नि मी तिच्या जागेवर बसलो. बसल्यावर खिडकीतून पाठमोरी दिसली, तर प्रॉसीची आई. सीट अजून गरम होती."

अंगणात बायकांनी जिभा चावल्या.

"उठलास का लगेच?"

"उठायला जागा नव्हती. थेट क्योटेऱ्यापर्यंत बसून गेलो."

आजोबांनी दाढी खाजवली. "ती म्हणते लग्नात हातात हात दिला. हा म्हणतो टॅक्सीत." त्यांनी दोन्हीकडे बघितलं. "म्हणजे एकूण दोन झाले."

केविना पुटपुटली, "आणि हे आपल्याला कळलेले."

चटईमागे नांबोझेबाईंना त्या टॅक्सीतून उतरल्याचं चांगलं आठवत होतं. सीटबद्दल त्यांना काही माहिती नव्हती. लग्नाचं नाव निघाल्यावर लुबोवाने मान वर केली होती आणि तोंडही उघडलं होतं. पण आजोबांनी हाताने थांबवलं. दोष वाढतो तेव्हा जावयाने मध्ये बोलायचं नसतं.

एका कोंबडीच्या दोन झाल्या. सालीचं कापड फाडलं गेलं. मग आजोबांनी चटईकडे तोंड केलं.

"आता राग सांगा, बाई."

बाईंनी सांगितला, आणि प्रॉसीने हुंदके देत पुढे पोहोचवला. पाठीची सुई आजपासून बंद. कसलाही काढा प्यायचा नाही. ताटात वरून मीठ घ्यायचं नाही, सुकवलेली खारी मासळी घरात आणायची नाही. सोमवारी दवाखान्यात जायचं, आणि डॉक्टर नाब्बोसा जे सांगेल ते सासूचं बोलणं समजून पाळायचं, आज सांगेल तेही आणि पुढे सांगेल तेही.

एक काका म्हणाले, "मिठाचा आणि रागाचा काय संबंध?"

"सासूचा राग आहे," केविनाने त्यांना झापलं. "तो असा का नि तसा का, हे विचारायचं नसतं. विचारलं की उतरत नाही."

लुबोवा म्हणाला, "आणि पाठ दुखली तर?"

"आई म्हणते, दुखू दे. घड उचलायला माणूस ठेवा."

"किती दिवस पाळायचं?"

प्रॉसी चटईमागे वाकली आणि परत आली. "जन्मभर."

फणसावर कावळा ओरडला.

"बाईंचा राग मोठा आहे," क्यांजोआजोबा म्हणाले.

सोमवारी लुबोवा दवाखान्यात गेला. नाब्बोसाने तपासायच्या खोलीत चाकांचा हिरवा पडदा आडवा लावला आणि त्याच्यामागे बाईंना स्टूल दिलं. अशा कामाला दवाखान्यात पडदे असतातच. हा पडदाही खालून वीतभर वर होता. बाईंना चपला दिसत होत्या.

निकाल यायला दुपार झाली. नाब्बोसाने कागद पुढे ठेवला आणि मग, तो वाचणार नाही हे ओळखून, उलटा केला.

"तुमचा ट्रक किती चाकी आहे?"

"दहा."

"दहा चाकांनी जे ओझं न्यायचं ते सध्या तुमची दोन चाकं नेतायत. तशी तुमच्या किडन्यांची अवस्था आहे. रक्तदाबाने वर्षानुवर्षं चाकं झिजवली. तुम्हाला कळलं नाही, कारण उरलेली चाकं निमूट ओढत राहिली."

"आठ चाकं गेलेला ट्रक चालत नाही, डॉक्टर."

"तुम्ही चालताय. म्हणून तर हात थरथरतात."

चपला मागे सरकल्या. "नवी चाकं?"

"मिळतात. कंपालाला. पण ती देणारा माणूस लागतो, आणि तोवर आठवड्यातून दोनतीनदा यंत्राला जोडून घ्यावं लागतं. आपल्याला तिथे जायचंच नाही, निदान लवकर तरी नाही. नीट ऐका. गेलेल्या आठातली एकदोन नुसती पंक्चर आहेत. ती सुईने झालीत. सुई थांबली, रक्तदाब उतरला, तर ती भरतील. बाकीची भरणार नाहीत. म्हणजे तुम्ही पूर्ण बरे होणार नाही. उरलेल्या चाकांवर जपून गाडी हाकायची, बस्स. आत्ता चार दिवस इथेच राहा. उतार पडला नाही तर कंपाला."

"पूर्ण बरा होणार नाही," लुबोवाने पुन्हा म्हणून बघितलं. "मग दंडाचा उपयोग काय?"

"दंड पाळला तर वाईट होणार नाही. फार मोठी गोष्ट आहे ही. आणि मटोके. तुमच्या रक्तात पोटॅशियम वाढलंय, त्याने हृदय बंद पडू शकतं. केळ्यात ते भरपूर असतं. पानांत गुंडाळून वाफवलेलं मटोके आता नको. सोलायचं, बारीक चिरायचं, मोठ्या भांड्यात भरपूर पाण्यात उकळायचं आणि ते पाणी ओतून द्यायचं. मग खायचं, तेही थोडंच."

लुबोवाने आतापर्यंत सगळं ऐकून घेतलं होतं.

"पाणी ओतून द्यायचं?" तो म्हणाला. "मटोक्याचं? मी मटोक्याचा व्यापारी आहे, डॉक्टर. उद्या माझ्या घरामागे कुणी ते पाणी बघितलं तर माझ्याकडून घड कोण घेईल? असं तर डुकरांनाही कुणी घालत नाही. मला त्या यंत्रालाच जोडा."

हिरव्या पडद्यामागून आवाज आला, "प्रॉसी, त्यांना आठवण कर. डॉक्टर पुढे सांगेल तेही."

प्रॉसी म्हणाली, "आई म्हणते—"

"ऐकलं," लुबोवा म्हणाला.

चार दिवसांचे आठ झाले, पण कंपालाला जावं लागलं नाही. हळूहळू हात थांबले. खाज गेली. घड उचलायला त्याने एक दांडगा गडी ठेवला. पाठ दुखायची तेव्हा तो गरम पाण्याची बाटली लावून पालथा पडून राही आणि सासूच्या नावाने काहीतरी पुटपुटे. प्रॉसी ते आईपर्यंत पोहोचवत नसे. पोटॅशियम उतरलं, मटोक्याचं पाणी ओतणं मात्र सुटलं नाही.

थरथर थांबली ही बातमी सगळीकडे पसरली. दोष निघाला आणि आजार गेला. म्हणजे दोष होता. ज्यांना थोडी शंका होती त्यांचीही मिटली. केविना म्हणे, "मी बघताक्षणी ओळखलं होतं," आणि ते खरंही होतं. चर्चमध्ये पहिलं वाचन आता शिंप्याच्या बायकोकडे गेलं. तिला लांब नावं वाचता येत नसत, ती ती सोडून देई. लग्नाच्या मुली यायच्या थांबल्या. शेजारणीचा जावई आला की शेजारीण बाईंच्या बाजूची खिडकी लावून घेई. बाईंनी त्या बाजूला टोमॅटो लावले. टोमॅटो बरे आले.

दोनतीन बायका मात्र अंधार पडल्यावर मागच्या दाराने आल्या. जावयाचे हात थरथरतात, तो दंड कसा असतो, त्यांना माहीत करून घ्यायचं होतं. बाईंनी सगळ्यांना आधी रक्तदाब आणि लघवी तपासायला धाडलं. एकाचं निदान नुसतीच दारू निघालं. त्याच्या सासूला हे फार लागलं.

पुढच्या वर्षी कॉफी वाळत घालायच्या दिवसांत लुबोवा आणि प्रॉसी आले. पडद्याखाली बूट होते. पुन्हा चामड्याचे, नाड्यांचे, पुसलेले. काहीतरी मागायला आला होता. कप बशीवर एकदाच टेकल्याचा आवाज आला.

"प्रॉसी, त्यांना विचार, तपासणीत काय निघालं."

"किडन्यांचं काम एकतीस निघालं, म्हणावं. शंभरात. मागच्या वेळीही एकतीसच होतं."

"डॉक्टर काय म्हणाली?"

"म्हणाली, एकतीसवर पेढे वाटा."

प्रॉसी मटोक्याचं भांडं घेऊन मागच्या अंगणात पाणी ओतायला गेली. घरात दोघंच राहिले आणि मध्ये पडदा. असं कधी झालं नव्हतं. दोघांपैकी एकाने उठून बाहेर जायला हवं होतं.

"आई," लुबोवा म्हणाला.

बूट एकदा जुळले, पुन्हा लांब झाले.

"आई, किझ्झाच्या लग्नात माझा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. आदल्या आठवड्यात मनगटावर घड पडला होता. तुम्हाला हातात हात देणं शक्यच नव्हतं. तेव्हाच सांगायचं होतं, पण आजोबांनी बोलू दिलं नाही."

"मला कसं दिसणार?" बाई म्हणाल्या. "मी बूट बघते."

"तुम्ही हे मुद्दाम केलंत."

"तुम्ही दवाखान्यात येत नव्हतात."

बाहेर पाणी ओतल्याचा आवाज झाला. प्रॉसी भांडं निथळत उभी राहिली असावी.

"नाताळात सगळं कूळ जमतं," लुबोवा म्हणाला. "मी उभा राहून सांगणार आहे. आईंनी हात लावला नाही, मला किडनीचा आजार होता, आईंनी मला वाचवलं. केविनाआत्याच्या तोंडावर सांगणार. लोक तुमच्याबद्दल काय बोलतात ते मला माहीत आहे. माझ्या ट्रकवरचे हमालसुद्धा बोलतात. मला परवानगी द्या."

बाईंना एकदम चर्चमधला तो लाकडी स्टँड आठवला, त्यावरचं जाड पुस्तक, आणि शिंप्याची बायको सोडून देते ती लांब नावं. त्यांना ती सगळी बिनचूक येत. लगेच नाही म्हणावं असं त्यांना वाटत नव्हतं.

मग सवयीने त्यांची नजर खाली गेली. डाव्या बुटाची नाडी वरच्या दोन भोकांतून ओवलेलीच नव्हती. जीभ पुढे आली होती. त्याखाली मोज्याच्या कडेने घोट्यावर कड उठली होती. खोल नव्हती, पण होती.

"पायाला सूज येते?" त्यांनी विचारलं.

बूट खुर्चीखाली गेले. "संध्याकाळची. थोडीशी."

"मीठ?"

"नाही, आई."

बाई थांबल्या. वर्गातही त्या अशाच थांबत.

"परवा ड्रायव्हरच्या मुलीचं लग्न होतं," लुबोवा म्हणाला. "मासळी होती तळ्याकाठची. खारवलेली. मी म्हटलं, आता बरंय. आणि तसा तो दंड काही खरा नाहीच, मला तर ठाऊक आहे, म्हणून—"

तो तिथेच थांबला. आपण काय बोललो ते त्यालाही ऐकू आलं होतं.

प्रॉसी रिकामं भांडं घेऊन आत आली, दारात थबकली, आणि तिने पडद्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. "तुम्ही दोघं बोलत होतात?"

"नाही," दोघं एकदम म्हणाले.

"प्रॉसी," बाई म्हणाल्या, "त्यांना सांग, उद्या सकाळी नाब्बोसाकडे जायचं. मासळीचं स्वतःच्या तोंडाने सांगायचं."

"मासळी?" प्रॉसी नवऱ्याकडे वळली. "कसली मासळी?"

लुबोवाने खाली वाकून बुटाची नाडी वरच्या दोन भोकांतून ओवायला घेतली. पाऊल आत बसत नव्हतं. त्याने जरा जोर करून बघितला आणि सोडून दिलं. मग सरळ बसला आणि आतल्या खोलीपर्यंत जाईल अशा आवाजात बायकोला म्हणाला,

"आईंना विचार, मग नाताळात कुळापुढे काय सांगू?"

"सांगा म्हणावं," नांबोझेबाई म्हणाल्या, "सासूचा राग अजून उतरलेला नाही."